परक्या इंग्रजीत स्पष्ट कसे लिहावे: नव्याने लिहू लागणाऱ्यांसाठी

इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही, त्याच्या लेखनात दोन जातींच्या चुका होतात. पहिल्या जातीची चूक नुसती दिसते. ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ लिहिले, तर वाचकाला घास खाताना खडा लागल्यासारखे होते, पण अर्थ त्याला बिनचूक कळतो. दुसऱ्या जातीची चूक दिसतच नाही. ‘प्लीज रिव्हर्ट’ हे वाक्य कोणत्याही व्याकरण तपासणाऱ्या यंत्रातून सुखरूप बाहेर पडेल. मात्र आपल्याकडे त्याचा अर्थ ‘कृपया उत्तर द्यावे’ असा होतो, आणि परदेशातल्या प्रोग्रामरच्या लेखी त्याचा अर्थ ‘केलेला बदल मागे घ्यावा’ असा होतो. त्याने तो बदल खरोखरच मागे घेतला, तर त्याला बोल लावता येणार नाही.

शाळेत आपल्याकडून पहिल्या जातीच्या चुका घोटून घोटून काढून घेतल्या जातात, आणि दुसऱ्या जातीकडे सहसा कोणी बघत नाही. त्यामुळे नव्याने लिहू लागलेला माणूस ‘अ’ आणि ‘द’ यांच्या धास्तीने अर्धा तास घालवतो आणि ज्या शब्दाने खरा घोटाळा होणार असतो, तो बेधडक लिहून मोकळा होतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी दिशाभूल करणाऱ्या चुका, आणि नुसत्या दिसणाऱ्या चुका सर्वांत शेवटी. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. जगात इंग्रजी वापरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांची ती मातृभाषा नाही, त्यामुळे पडद्यापलीकडचा आपला वाचकही बहुधा आपल्यासारखाच, अधूनमधून शब्दकोश उघडणारा असतो.

पहिली पायरी: मजकूर मराठीत ठरवावा, वाक्य मात्र मराठीतून आणू नये

लिहायला बसण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःला मराठीत द्यावीत: मला नेमके काय सांगायचे आहे, आणि वाचून झाल्यावर वाचकाने काय करावे अशी माझी अपेक्षा आहे? या दोन्हींची उत्तरे एकेका वाक्यात देता आली नाहीत, तर अडचण इंग्रजीची नाही, विचार अजून पुरता झालेला नाही, असे समजावे. उत्तरे मिळाली की दुसरे उत्तर, म्हणजे अपेक्षा, आधी लिहावी. आपल्याला प्रस्तावना करून, पार्श्वभूमी सांगून, मग शेवटी हळूच मागणी मांडण्याची सवय असते. इंग्रजीत कामाचे वाचणारा माणूस पहिल्या दोन ओळींत मागणी शोधतो, आणि ती तिथे दिसली नाही तर उरलेला मजकूर वरवर चाळतो.

मराठीत विचार करण्यात कमीपणा नाही. अडचण येते ती मराठी वाक्य जसेच्या तसे उचलून इंग्रजीत बसवू लागलो की. त्यावर साधा उपाय असा की मराठी वाक्याचे आधी तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र इंग्रजी वाक्य लिहावे. ‘काल मी पाठवलेल्या फाइलमधल्या तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली आहे’ हे मराठी वाक्य सुरेख आहे, कारण आपली सगळी विशेषणे एकामागून एक डावीकडे रांगेत उभी राहतात आणि कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. तेच एका दमात इंग्रजीत आणायला गेलो की ‘इन’ आणि ‘ऑफ’ यांची गर्दी होते. त्याऐवजी ‘आय सेंट यू अ फाइल यस्टरडे. द टोटल इन इट्स थर्ड टेबल इज राँग.’ अशी दोन वाक्ये लिहावीत. ती बाळबोध वाटतील, वाटू द्यावीत.

वाक्य किती लांब असावे, याचे एक व्यावहारिक माप उपलब्ध आहे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका जगभरचे तंत्रज्ञ वाचतात, आणि त्यांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून त्या उद्योगाने ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची नियमबद्ध इंग्रजी तयार केली. तिच्यात कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे आणि वर्णन करणारे वाक्य २५ शब्दांचे असावे, असा नियम आहे. हा आकडा म्हणजे शिलालेख नव्हे, पण स्वतःचे वाक्य ३० शब्दांच्या पुढे गेले की थांबून त्याचे दोन भाग होतात का हे पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: शब्दांचा क्रम

‘कुत्र्याने मांजराला पाहिले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पाहिले’ या दोन्ही वाक्यांत पाहणारा कुत्राच असतो, कारण कोणी पाहिले आणि कोणाला पाहिले हे आपल्याकडे प्रत्यय सांगतो. इंग्रजीत हे काम जागा करते. तिथे दोन नामांची अदलाबदल केली की पाहणाराच बदलतो. मराठीत ज्या गोष्टीवर जोर द्यायचा ती आपण बिनधास्त पुढे आणतो. इंग्रजीत तसे केल्यास जोर तर येत नाहीच, उलट अर्थ डळमळीत होतो. म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम नवशिक्याने मोडू नये, आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये लांबलचक मजकूर घालू नये. मराठी वाचक क्रियापदाची वाट वाक्याच्या शेवटापर्यंत पाहतो, त्याला ती सवय असते. इंग्रजी वाचकाला क्रियापद लवकर हवे असते.

या पायरीवर सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘ओन्ली’. आपल्या ‘च’ची सगळी कामे आपण त्याच्याकडून करून घेतो. ‘मी ते उद्याच पाठवतो’ म्हणजे उशीर करणार नाही, असे आश्वासन असते. त्याचे ‘आय विल सेंड इट टुमॉरो ओन्ली’ झाले की वाचक समजतो, हा माणूस उद्याखेरीज दुसऱ्या दिवशी पाठवू शकत नाही, किंवा उद्यापूर्वी ते मिळणार नाही. आश्वासनाची कुरकुर झाली. अशा ठिकाणी ‘ओन्ली’ सरळ काढून टाकावा आणि ‘बाय टुमॉरो’ लिहावे. जिथे ‘फक्त’ हाच अर्थ हवा असेल, तिथे ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या अगदी शेजारी, त्याच्या आधी ठेवावा: ‘आय टेस्टेड ओन्ली द फर्स्ट फाइल’ म्हणजे बाकीच्या तपासल्या नाहीत.

आपल्या जोड्यांचाही इथेच विचार करावा. ‘जरी... तरी’, ‘जी... ती’, ‘कारण... म्हणून’ अशा जोडीने चालणाऱ्या शब्दांची आपल्या वाक्याला सवय असते, त्यामुळे ‘ऑल्दो इट इज स्लो, बट इट वर्क्स’ किंवा ‘द फाइल विच आय सेंट, दॅट इज नॉट ओपनिंग’ अशी वाक्ये हातून उतरतात. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द पुरतो. ही चूक दिसणाऱ्यांपैकी आहे, तिने अर्थ जात नाही. परंतु वाक्य लांब असेल तर वाचकाला ते दोनदा वाचावे लागते.

तिसरी पायरी: ‘इट’ म्हणजे नेमके काय

या पायरीवर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल, कारण इथली चूक मराठी माणसाच्या हातून हमखास होते आणि त्याला स्वतःला ती सहसा सापडत नाही.

फाइल ती, फोल्डर तो आणि पान ते. ‘फोल्डरमधली फाइल उघडून पहिले पान पाहिले, तर ते कोरे आहे’ असे म्हटले की कोरे काय आहे याविषयी कोणालाही शंका येत नाही, कारण लिंगभेद आपोआप बोट दाखवतो. इंग्रजीत तिघांसाठी एकच ‘इट’ आहे. ‘आय ओपन्ड द फाइल इन द फोल्डर अँड चेक्ड द फर्स्ट पेज, बट इट इज एम्प्टी’ असे लिहिले, तर फोल्डर रिकामा आहे, फाइल रिकामी आहे की पान, हे वाचकाने आपल्या मनाने ठरवायचे. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र ‘ते’ असते, त्यामुळे पुन्हा वाचतानाही त्याला ‘इट’मध्ये ‘ते’च ऐकू येते, आणि चूक त्याच्या नजरेतून निसटते.

उपाय एकच आहे: नाम पुन्हा लिहावे. ‘बट द पेज इज एम्प्टी’. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, ही शाळेतल्या निबंधाची शिकवण इथे बाजूला ठेवावी लागते. एका परिच्छेदात ‘एरर’, पुढच्यात ‘इश्यू’, त्यानंतर ‘प्रॉब्लेम’ आणि शेवटी ‘बग’ असे लिहिल्याने शैली खुलत नाही. वाचकाला वाटते की चार वेगवेगळ्या अडचणी आहेत. वर सांगितलेल्या विमान उद्योगाच्या इंग्रजीत तर शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ असतो. उदाहरणार्थ, तिथे ‘फॉलो’ म्हणजे ‘मागून येणे’. सूचना पाळणे या अर्थाने तो शब्द तिथे चालत नाही. इतके कडक राहण्याची आपल्याला गरज नाही, पण एका लेखात एका वस्तूला एकच नाव द्यावे, हे पथ्य पाळणे सोपे आहे आणि त्याचा गुण लगेच येतो.

मराठी क्रियापद कर्त्याला पोटात घेऊन फिरते. ‘पाठवतो’ म्हटले की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही. त्याच सवयीने ‘विल सेंड टुमॉरो’ किंवा ‘इज नॉट वर्किंग’ असे लिहिले जाते. अनौपचारिक निरोपात ते खपून जाते, पण तीन माणसे एका कामावर असतील तर ‘विल सेंड’मधला पाठवणारा कोण, हा प्रश्न उरतोच. कर्ता नेहमी लिहावा.

चौथी पायरी: ओळखीचे वाटणारे, पण परक्याला वेगळा अर्थ सांगणारे शब्द

आपल्या ‘शंका’ या शब्दात कुतूहल आणि अविश्वास हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. ‘डाउट’मध्ये अविश्वासच प्रबळ आहे. मी सुरुवातीच्या काळात एका अनोळखी अभ्यासकाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर मेथड’ असे लिहिले होते. मला पद्धत समजून घ्यायची होती, आणि उत्तरात मला तीन परिच्छेदांचे स्पष्टीकरण आले, ज्यात पद्धत कशी चूक नाही हे थोड्या तिखट शब्दांत पटवून दिलेले होते. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ एवढेच लिहायला हवे होते.

‘रिव्हर्ट’ वर येऊन गेला. त्याच्या जागी ‘रिप्लाय’ लिहावे. ‘पास आउट’ म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणे, बाहेर मात्र शुद्ध हरपणे, ‘ग्रॅज्युएट’ म्हणावे. ‘प्रीपोन’ हा शब्द ‘पोस्टपोन’च्या जोडीला अगदी तर्कशुद्ध आहे आणि मला व्यक्तिशः आवडतो, पण बाहेरच्या वाचकाला तो बहुधा अपरिचित असतो, म्हणून ‘मूव्ह द मीटिंग टू अ‍ॅन अर्लियर डेट’ असे सविस्तर लिहावे. ‘डू द नीडफुल’ आणि ‘द सेम’ (‘प्लीज कन्फर्म द सेम’ यातला) ही जुन्या कचेरीतली भाषा आहे. ‘नीडफुल’ लिहिणाऱ्याला नेमके काय करायचे आहे हे स्वतःलाच ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे. जे काम हवे आहे त्याचे नाव लिहावे.

मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांतही घोटाळे होतात, हे जाणून थोडा धीर येईल. सभेत एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. अर्थ बरोबर उलटे आहेत. ‘क्वाइट गुड’ ही अमेरिकनाच्या तोंडी भरघोस स्तुती असते आणि ब्रिटिशाच्या तोंडी अनेकदा ‘ठीकठाक’. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर शब्दकोशही दोन्ही अर्थ देऊन मोकळे होतात. असे शब्द टाळावेत आणि ‘एव्हरी टू वीक्स’ असे उलगडून लिहावे.

वाक्प्रचारांचेही तेच. चेंडूच्या खेळांतून आलेले, नौकानयनातून आलेले इंग्रजी वाक्प्रचार लेखाला रुबाब देतात असे वाटते, पण ज्याला तो खेळ ठाऊक नाही त्याच्यासाठी ते कोडे असते. एक बारकावा मात्र अनेकांना ठाऊक नसतो. ‘पुट ऑफ’, ‘कॅरी आउट’, ‘टर्न डाउन’ यांसारखी दोन शब्दांची क्रियापदे इंग्रजी मातृभाषिकाला सोपी वाटतात आणि आपल्याला, तसेच स्पॅनिश किंवा फ्रेंच वाचकाला अवघड. त्या वाचकांना ‘पोस्टपोन’, ‘एक्झिक्यूट’, ‘रिजेक्ट’ हे लॅटिनकडून आलेले शब्द आपल्या भाषेतल्या नातलगांसारखे ओळखू येतात. साधा शब्द वापरावा हा सल्ला बरोबर आहे, पण साधा कोणाला, हे वाचक पाहून ठरवावे.

पाचवी पायरी: आकडे, तारखा आणि वेळा

इथे चूक झाली तर ती व्याकरणाची राहत नाही, कामाची होते. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च आणि जगाच्या बहुतेक इतर भागांत ३ एप्रिल असते. महिना अक्षरांत लिहावा, किंवा आयएसओ ८६०१ या १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. ‘नेक्स्ट फ्रायडे’ असे न लिहिता तारीख द्यावी. वेळ सांगताना ‘आयएसटी’ हे संक्षिप्त रूप पुरत नाही, कारण ते भारताच्या, इस्रायलच्या आणि आयर्लंडच्या अशा तिन्ही वेळांसाठी वापरले जाते. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर, म्हणजे भारतासाठी +५:३० असे, सोबत लिहावे.

लाख आणि कोटी हे शब्द दक्षिण आशियाबाहेर समजत नाहीत, आणि १,००,००० अशी स्वल्पविरामांची मांडणी परक्या वाचकाला टंकलेखनातली चूक वाटते. तिथे १००,००० अशी तीन-तीन अंकांची मांडणी करावी. जर्मन किंवा फ्रेंच वाचक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतो, तेव्हा त्याच्या पत्रातले १,५ म्हणजे दीड असू शकते, हेही वाचताना लक्षात असावे.

सहावी पायरी: काळ आणि शक्यता

‘मी तुम्हाला मेल पाठवला होता’ हे मराठीत अगदी साधे विधान आहे. ‘आय हॅड सेंट यू अ मेल’ असे लिहिले की इंग्रजी वाचक पुढच्या घटनेची वाट पाहतो, कारण त्या रचनेचा अर्थ ‘अमुक घडण्याच्या आधी पाठवला होता’ असा होतो. साधा भूतकाळ पुरेसा असतो: ‘आय सेंट’. त्याचप्रमाणे ‘विल’पेक्षा ‘वुड’ नम्र वाटते म्हणून ‘आय वुड सेंड इट टुमॉरो’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचक मात्र ‘इफ’ने सुरू होणारी अट शोधू लागतो, आणि ती न सापडल्यामुळे पाठवणार की नाही याचा त्याला उलगडा होत नाही. आपण स्वतः करणार असलेल्या गोष्टीसाठी ‘विल’ लिहावे. ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ ही रचना चुकीची आहे खरी, पण ती दिसणारी चूक आहे. वेळ उरला तर सुधारावी.

सक्ती, शिफारस आणि मुभा यांतला फरक आपण सैलपणे मांडतो. ‘करावे’ या एका रूपात आज्ञा, सल्ला आणि इच्छा या तिन्हींना जागा असते. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न इतका जाणवला, की १९९७ मध्ये आरएफसी २११९ या छोट्या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ पक्के करून टाकले गेले: ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण नसेल तर करावे, ‘मे’ म्हणजे केले तरी चालेल. आपल्या लेखनातही हाच भेद पाळावा. ‘मे नॉट’ मात्र टाळावे. ‘यूझर्स मे नॉट सी धिस पेज’ याचा अर्थ त्यांना मनाई आहे की कदाचित त्यांना दिसणार नाही, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हा असाच एक सापळा आहे. ‘मिळाले नाही का?’ याला आपण ‘हो, नाही मिळाले’ म्हणतो, म्हणजे विचारणाऱ्याच्या अंदाजाला होकार देतो. इंग्रजीत ‘डिडन्ट यू गेट इट?’ याला नुसते ‘येस’ लिहिले, तर ‘मिळाले’ असा अर्थ होतो. एका शब्दाचे उत्तर देऊच नये. ‘आय डिड नॉट गेट इट’ असे पूर्ण वाक्य लिहावे.

सातवी पायरी: नम्रता कुठे ठेवायची

तू, तुम्ही आणि आपण ही आपली उतरंड इंग्रजीत नाही. ‘यू’ सर्वांना एकच. त्यामुळे नम्रतेचा भार क्रियापदावर पडतो. ‘आपण फाइल पाठवावी’ हे आदराचे वाक्य ‘यू शुड सेंड द फाइल’ झाले की उपदेश बनते, आणि ‘काइंडली सेंड’ झाले की थकबाकीच्या नोटिशीचा सूर लागतो. ‘कुड यू सेंड द फाइल बाय मंडे?’ हे विनंतीचे सर्वसाधारण आणि सुरक्षित रूप आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन चार ओळींची क्षमायाचना आणि तीन वेळा ‘सर’ लिहिण्याचीही गरज नाही. त्याने आदर पोहोचत नाही, मागणी मात्र दडपली जाते.

मतभेद असेल तेव्हा वाक्याचा कर्ता माणूस नसावा, वस्तू असावी. ‘यू हॅव मेड अ मिस्टेक’ऐवजी ‘द थर्ड लाइन गिव्ह्ज अ डिफरंट रिझल्ट’ लिहिले, तर तेच सांगून होते आणि भांडण उद्भवत नाही. विनोद आणि उपरोध अनोळखी वाचकापुढे टाळलेले बरे. आपला चेहरा त्याला दिसत नसतो. ‘माझे इंग्रजी चांगले नाही, माफ करा’ अशी सुरुवात करण्याविषयी मला एवढेच म्हणावेसे वाटते की माफीने वाक्य सोपे होत नाही. आपली मातृभाषा वेगळी आहे हे सांगायचेच असेल, तर एका वाक्यात सांगावे, आणि ‘एखादी गोष्ट अस्पष्ट असेल तर जरूर विचारा’ असे जोडावे, म्हणजे वाचकाला त्यातून काहीतरी करता येते.

आठवी पायरी: नुसत्या दिसणाऱ्या चुका

आता ‘अ’ आणि ‘द’. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती चुकणारच. कामचलाऊ नियम असा: वाचकाला ‘कोणती?’ असे विचारावे लागत नसेल, म्हणजे वस्तू त्याच्या ओळखीची किंवा एकमेव असेल, तर ‘द’. त्याच्यासाठी नवी आणि मोजता येणारी एकच असेल, तर ‘अ’. सर्वसाधारण अनेकवचन असेल, तर काहीच नाही. याहून खोलात नवशिक्याने जाऊ नये. अपवाद तेवढा एक ध्यानात ठेवावा, कारण तो दिशाभूल करतो: ‘अ फ्यू एरर्स’ म्हणजे काही चुका आहेत, आणि ‘फ्यू एरर्स’ म्हणजे चुका जवळजवळ नाहीत. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांचेही असेच आहे.

‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘फीडबॅक’, ‘सॉफ्टवेअर’ यांचे अनेकवचन करू नये. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न’ला ‘बॅक’ जोडू नये. ‘एक्सप्लेन मी’ नव्हे, ‘एक्सप्लेन टू मी’. प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येते, ‘व्हाय इज इट स्लो?’, पण ‘आय डोन्ट नो’ने सुरू होणाऱ्या वाक्यात येत नाही, ‘आय डोन्ट नो व्हाय इट इज स्लो’. स्पेलिंग ब्रिटिश ठेवायचे की अमेरिकन, हे एकदा ठरवावे आणि एका लेखात दोन्ही मिसळू नयेत.

देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे त्यांकडे आपले दुर्लक्ष होते. वाक्याचे पहिले अक्षर, विशेषनामे आणि स्वतःसाठीचा ‘आय’ मोठ्या अक्षरात लिहावा. पूर्ण वाक्य मोठ्या अक्षरांत लिहू नये, ते ओरडल्यासारखे वाटते. विरामचिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून यावे आणि त्यानंतर मोकळी जागा सोडावी. सहा-सात टिंबांनी वाक्य संपवण्याची सवय सोडावी, कारण त्या टिंबांत वाचकाला नाराजी किंवा सूचक मौन दिसू शकते.

नववी पायरी: तपासणी

लेखन झाल्यावर ते काही वेळ बाजूला ठेवावे आणि मग मोठ्याने वाचावे, किंवा फोनच्या वाचून दाखवण्याच्या सोयीकडून वाचून घ्यावे. जिथे जीभ किंवा यंत्र अडखळते, तिथे वाक्य तोडावे. शब्दाविषयी शंका असेल तर इंग्रजी-मराठी कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यांत नाम मोजता येणारे आहे की नाही हे नोंदवलेले असते, आणि लाँगमनच्या कोशातल्या व्याख्या सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. दोन शब्द एकत्र येतात की नाही हे पाहायचे असेल, तर ते अवतरण चिन्हांत घालून शोधावेत. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो, हे नियमाने कळत नाही, वापर पाहूनच कळते.

यंत्राने भाषांतर करून घेण्यात गैर काही नाही, मात्र एक चाचणी करावी. आपला इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत आणून पाहावा. जिथे मराठी विचित्र येते किंवा ‘ते’च्या जागी ‘ती’ येते, तिथे इंग्रजी वाक्य संदिग्ध असण्याचा संभव मोठा असतो. यंत्र कधी स्वतःहून चूक दुरुस्तही करते, म्हणून ही चाचणी पुरेशी मानू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला ‘हे सुधारून दे’ असे सांगितले, तर ते वाक्ये गुळगुळीत करते आणि जाता जाता ‘मे’चे ‘विल’ करून टाकते, किंवा आपण न दिलेले आश्वासन देऊन बसते. त्याऐवजी ‘फक्त व्याकरणाच्या चुका दाखव, शब्द बदलू नकोस’ अशी सूचना द्यावी आणि प्रत्येक बदल स्वतः वाचून मगच स्वीकारावा. ज्या वाक्याचा अर्थ आपल्याला मराठीत सांगता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी पाठवू नये.

शेवटी, कोणी ‘मला कळले नाही’ असे लिहिले, तर पहिल्या वाक्याचे समर्थन करू नये आणि त्याच शब्दांत ते पुन्हा लिहूही नये. उदाहरण देऊन नवे वाक्य लिहावे, आणि जुने वाक्य एका वहीत उतरवून ठेवावे. माझ्या वहीत गेल्या काही वर्षांत जमलेल्या वाक्यांपैकी निम्म्याहून अधिक वाक्यांत कुठे ना कुठे एक बेवारस ‘इट’ आहे.